पिळाला टेकलेली गोळी

गोळीचा इतका विचार करणारा आणि गोळी इतकी कमी झाडणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांशिवाय साऱ्या औरंगाबादेत दुसरा झाला नसेल. गावात त्यांचा लौकिक शिकारी म्हणून होता. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोकडच्या माणसांची ओळख करून देताना कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं होतं, "हे मुलीचे मामा. वाघावरचे." मी दचकून नमस्कार केला. पुढे कळलं की मामांनी कित्येक वर्षांत सशालासुद्धा धक्का लावलेला नाही. ते निजामाच्या काळात जंगलखात्यात होते. पोलिस अ‍ॅक्शननंतर नोकरी गेली, फुलंब्रीकडची जमीन भावांनी सांभाळली, आणि मामा घराच्या मागच्या खोलीत बसून काडतुसं भरू लागले. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासायच्या, त्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू मोजून घालायची, वर गोळी रुतवायची. टोपी, दारू, गोळी सगळं परवान्यावर मुंबईहून यायचं. मामी म्हणायच्या, "लोकांच्या घरी लोणचं भरतात, आमच्याकडं हे भरतात."

दारू मोजायला त्यांनी सराफाचा काटा आणला होता. काटा चालू असताना घरात वारा हलता कामा नये. खिडक्या बंद, दार बंद, ऐन उन्हाळ्यात कपाळावरून घामाच्या धारा, आणि मामा श्वास रोखून चिमटीतून एकेक कण पारड्यात सोडताहेत. एकदा मामींनी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली आणि मामांना ठसका लागला. दारू चटईभर झाली. ते बाहेर येऊन अत्यंत दुःखी आवाजात एवढंच म्हणाले, "तुम्हाला वरण खायचंय का मला मारायचंय?" मामी म्हणाल्या, "दोन्ही होऊन जाऊ द्या एकदाचं." त्या दिवसापासून काटा मांडला की त्या घरात बिनफोडणीचं वरण होई. मीही ते अनेकदा खाल्लं आहे. चवीला वाईट होतं, पण मी वाढून घेत असे, कारण मामांना नाही म्हटलं की मला दोन दिवस चुटपूट लागायची. माझा स्वभावच तसा आहे.

भरून झालेल्या काडतुसांची मग परीक्षा. मामींचा आरसा जमिनीवर आडवा ठेवायचा आणि त्यावरून एकेक काडतूस घरंगळत सोडायचं. गोळीचं टोक जरा जरी हेलकावलं तरी ते बाद. मामा त्याच्याकडे मुलगी बघायला आलेल्या माणसासारखं बघत. "रंगरूप ठीक आहे, घराणंही चांगलं, पण चालीत खोट आहे." बाद झालेल्यांचा एक वेगळा डबा होता. त्याला ते घरजावई म्हणत, आणि म्हणताना माझ्याकडे बघून लगेच, "तुम्ही नव्हे हो, जावईबापू," अशी दुरुस्तीही करत. पास झालेल्यांतली काही काडतुसं फुलंब्रीच्या शेतात, मातीच्या बांधाला कागद लावून झाडून बघायची. कागदावरची भोकं मोजायला मी जायचो. भोकं जवळ जवळ पडली की मामांचा चेहरा उलट उतरायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, ह्यातली मेख तुम्हाला कळली नाही. जे काडतूस खरं निघालं, ते उडून गेलं. आता घरी जे उरलंय, त्याच्यावर नुसता त्याचा भाऊ म्हणून भरवसा ठेवायचा." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याचं कारण मला मामींनी सांगितलं. पोलिस अ‍ॅक्शननंतर सगळ्यांची हत्यारं जमा करून घेतली गेली. मामांची रायफल काडतुसांसकट कचेरीच्या कोठारात पडून राहिली आणि परत मिळाली तेव्हा काडतुसांना ओल धरली होती. मामांना ते कळलं नाही. कन्नडच्या घाटात बिबट्यावर नेम धरून त्यांनी घोडा दाबला, तर आधी नुसतीच टिचकी वाजली. क्षणभर काही झालं नाही. त्यांनी नळी किंचित खाली घेतली आणि तेवढ्यात बार उडाला. गोळी बिबट्याच्या पुढच्या पायात गेली. ते जनावर पाय ओढत झाडीत गेलं. मामा रक्ताच्या मागावर चार दिवस फिरले, पण सापडलं नाही. ते जगलं. लंगडं झाल्यामुळे त्याला हरणं मिळेनात, म्हणून ते धनगरांच्या वाड्यांवर येऊ लागलं. "ते माझं जनावर आहे," मामा म्हणत. "मी त्याला तसं केलंय. आता त्याला एका गोळीत सोडवायचं. दुसरी लागता कामा नये." सगळा खटाटोप त्या एका गोळीसाठी होता.

घाटातला गेनू धनगर बाजाराला आला की मामांकडे डोकावायचा. पायरीवर बसून चहा पीत तो म्हणे, "लंगडं परत आलतं साहेब. कोकरू नेलं."

"थोडं थांब गेनू. ह्या खेपेची दारू बरी वाटतेय."

"थांबतो की. लंगडं थांबंना, त्याला काय करू?" आणि एकदा बरोबर त्याची बायको होती, ती पदर सावरत म्हणाली, "पिकू द्या साहेब काडतुसं. आमाला काय घाई नाय. मेंढरं संपली की आमी पण येऊन बसू हितं, वरण खायला."

शेवटी एका हिवाळ्यात मामांना हवं ते सापडलं. गोळी पुंगळीत नेहमीपेक्षा कमी रुतवायची. काडतूस लांब होतं, आणि रायफलीत घातलं की गोळीचं नाक थेट नळीतल्या पिळाला, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चऱ्यांना, टेकतं. अशी टेकलेली गोळी वाकडी निघूच शकत नाही, असं ते म्हणाले, आणि कागदावरची सगळी भोकं एका लिंबाखाली झाकून दाखवली. तो कागद घेऊन ते आमच्या घरी आले, माझ्या बायकोच्या हातावर पेढा ठेवला आणि पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही कन्नडला निघालो. एसटीत सावलीची जागा त्यांनी लोकरी मोज्यात गुंडाळलेल्या काडतुसांना दिली आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसले. ऊन लागलं की दारू तापते. कंडक्टर म्हणाला, "काका, मोज्याचं तिकीट काढलं का?" मामांनी पाकीट काढलं. कंडक्टरच ओशाळला.

आदल्या रात्री बिबट्यानं नाल्यात शेळी मारून टाकली होती. तो परतून येईल म्हणून आम्ही टणटणीच्या जाळीआड बसलो. मामांनी निवडलेलं काडतूस रायफलीत सरकवलं. बराच वेळ गेला. उजाडलं, आणि नाल्याच्या पलीकडून गेनूची बायको मेंढरं घेऊन थेट आमच्या समोर उतरू लागली. तिला आम्ही कुठं बसलोय ते ठाऊक नव्हतं. समोर माणूस असताना भरलेली रायफल धरायची नाही, हा मामांचा कायदा होता. काडतूस बाहेर काढायला त्यांनी ताबडतोब बोल्ट मागे ओढला. पुंगळी बाहेर आली. गोळी आली नाही. पिळाला घट्ट टेकलेली गोळी नळीतच अडकून राहिली, आणि मोकळ्या पुंगळीतली दारू रायफलीच्या पोटात सांडली. शेतात त्यांनी रायफलीत घातलेलं प्रत्येक काडतूस झाडलं होतं. न झाडता परत काढायची वेळ कधी आलीच नव्हती.

बाई मेंढरं घेऊन पुढे गेली. आणि मग बिबट्या आला. तीन पायांवर, शांतपणे, मध्येच थांबत. इतक्या जवळून की त्याच्या फासळ्या मला दिसल्या. मामांच्या हातात काठीइतकीही उपयोगाची नसलेली रायफल होती. त्यांनी बिबट्याकडे बघितलं, बोटावरच्या दारूच्या कणांकडे बघितलं, आणि मान खाली घातली. बिबट्यानं आमचा वास घेतला आणि तो वळून गेला. मी तेव्हा मामांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. मला काय करावं ते सुचलं नाही.

नळीतली गोळी काढून घ्यायला आम्ही औरंगाबादला परतलो. कारागिराकडून रायफल परत येईपर्यंत गेनूचा निरोप आला की आता येऊ नका, काम झालं. मामा तरी गेले, मीही गेलो. गेनूनं मेलेल्या मेंढीत विष घातलं होतं. बिबट्या पाण्याच्या कडेला पडला होता. त्याच्याभोवतीची माती नखांनी उकरलेली होती, लांबपर्यंत, आणि एक करंजाचं रोप मुळासकट उपटलेलं होतं.

मामांनी ते सगळं नीट बघितलं. मग विचारलं, "किती वेळ लागला, गेनू?"

गेनूनं माझ्याकडे बघितलं, मग मातीकडे. "लगीच गेलं साहेब. तडफडलं नाय बगा."

"व्हय," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून व्हय मी त्या आधी ऐकलं नव्हतं. "बरं झालं."

गेनूची बायको थोडी लांब उभी होती. तिच्या तोंडी त्या दिवशी एकही टोमणा नव्हता. ती म्हणाली, "तुमच्या हातून जाया पायजे होतं साहेब." मामांनी मान हलवली. मग कोट काढून फांदीला अडकवला आणि कुदळ-फावडं मागितलं. असंच टाकलं तर कोल्ही खातील, गावची कुत्री खातील आणि तीही अशीच मरतील, म्हणून खड्डा खोल हवा. जमीन मुरमाड होती. मामा घाव घालत, धापा टाकत थांबत, मग गेनू उतरे, मग मी. कमरेइतकं झालं तेव्हा गेनू म्हणाला, आता बास. मामांनी खड्ड्याच्या काठावर बसून आत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"अजून थोडं, गेनू," ते म्हणाले. "कोल्ह्याचा पाय पोचतो."

गेनूनं हातावर थुंकून पुन्हा कुदळ उचलली.