हवा गाळणारे शिर्केकाका

शिर्केकाका बॉनेट उघडण्याआधी गाडीत जाऊन बसत. काचा वर करत, पंखा सुरू करत आणि डोळे मिटून चांगली दोन मिनिटं नुसता श्वास घेत. मल्हारगंजातल्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला झोपच लागली. मग डोळे उघडून ते म्हणाले, "ताई, इंजन एकदम बढिया आहे. पण आतली हवा खराब. पोरगी खोकतेय ती उगाच नाही."

मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मीरा होती. तिला दमा होता. नवरा बदलीवर रतलामला, त्यामुळे शाळा काय, दवाखाना काय, मीच तिला आमच्या जुन्या गाडीतून नेत असे. गावभर रस्ते खोदलेले, आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून ती सगळी धूळ थेट आत येई.

काका कापडाच्या मिलमध्ये फिटर होते. सूत काढायच्या, विणायच्या खात्यांमध्ये पाण्यानं धुतलेली, ओलसर हवा सोडणारी यंत्रं ते सांभाळत. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. इतरांबरोबर तेही काही महिने गेटसमोर धरणं धरून बसले. मग एक दिवस उठले आणि भाच्याच्या गॅरेजमधला एक कोपरा मागून घेतला. "मिल चालू होईल तेव्हा होईल," ते म्हणत, "तोवर हात को जंग लग जाता है ना, ताई."

त्यांनी त्या जाळीखाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा ताणून बसवला. धूळ थांबली, पण हवाही थांबली. वैशाखातल्या दुपारी सियागंजच्या बाजारात आम्ही अडकलो. उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून मी काच खाली केली. शेजारच्या ट्रकमधून मिरच्यांची पोती उतरत होती. मीराला अशी धाप लागली की तिथून थेट दवाखाना गाठावा लागला.

ही हकीकत कानावर जाताच दुसऱ्या दिवशी सकाळी काका हत्यारांची पिशवी घेऊन सायकलवरून आमच्या दारात हजर. मी रागातच होते. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "गलती माझी, ताई. हवेला अडवायचं नसतं, गाळायचं असतं. हे मीच विसरलो. मिलमध्ये हेच करत होतो मी, दुसरं काय?"

दिवसभर ते आमच्या अंगणात राबले. पत्र्याची चौकट केली, तिच्यात पातळ कापड मिटत्या पंख्यासारख्या घड्या घालून बसवलं आणि ती नमद्याच्या जागी लावली. "घड्या घातल्या की कापड जास्त मावतं. हवेला जागा मिळते, कचरा मागे राहतो." मग गाडीत हवा येते त्या झरोक्यावर सुताचा एक धागा बांधून पंखा सुरू केला. धागा फडफडला तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

पंधरा दिवसांनी चौकट बाहेर काढून त्यांनी मीराला दाखवली. कापड काळंभोर झालं होतं. "देख बेटा, हे तुझ्या छातीत जाणार होतं." त्यानंतर दोन वर्षं दर महिन्याला येऊन ते स्वतः कापड बदलून जात. दमा उतरला तो औषधांनी, हे मला माहीत आहे. पण ती दोन वर्षं मी तिला निर्धास्तपणे गाडीतून नेऊ शकले, ते काकांमुळे.

काकांची स्वतःची छाती मात्र खराब झाली होती. कापसाची धूळ, डॉक्टर म्हणाले. होळीच्या आधी ते गेले. त्याच्या थोडे दिवस आधी मी मीराला घेऊन त्यांना भेटायला गेले आणि सांगितलं, "काका, ह्या हिवाळ्यात एकदाही दवाखान्यात राहावं लागलं नाही हिला."

त्यांनी मीराला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं मिलमध्ये हवा साफ केली, ताई. पण आज श्वास बरा चालला, असं कोणी येऊन सांगितलं नव्हतं."

 मीरा त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "आज मी शाळेत चालत गेले. पूर्ण रस्ता."

"अच्छा? कुठून कुठून गेलीस?"

ती घरापासून सांगू लागली. ती थांबली की काका धापा टाकत विचारायचे, "फिर? त्याच्या पुढे?"