कुणाचीच नसलेली नवरी

मेलेल्या पोराचं लग्न लावायचं, तर नवरीचा चेहरा कुठल्याही जिवंत बाईचा असता कामा नये. जपानमधल्या यामागाताच्या त्या डोंगराळ खेड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बिनलग्नाचा गेलेल्या मुलाचे आईबाप लाकडी पाटीवर त्याचं लग्न रंगवून घेतात, शेजारी मनाने रचलेली नवरी बसवतात आणि पाटी देवळात टांगतात. नवरी जिवंत निघाली, तर तो तिला घेऊन जातो. यावर तिथे कुणी वाद घालत नाही.

या पाट्या रंगवायची फुमिए इगाराशी. देवळाच्या पायऱ्यांखाली तिचं लाकडी बाहुल्यांचं दुकान होतं. बिनहातापायांच्या त्या बाहुल्यांची तोंडं रंगवता रंगवता तिचे केस पांढरे झाले, लग्न मात्र राहूनच गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "इतक्या लग्नांना हजेरी लावते, पुरे झालं की!" जीभ तिखट, पण कामात चोख. कच्चं चित्र झालं की ती ते घेऊन गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायची आणि गरम पाण्यात बसलेल्या बायकांना विचारायची, "बघा गं, कुणाच्या लेकीसारखी दिसते का?" एखादी वाफेतून डोळे बारीक करून म्हणायची, "नाक आमच्या धाकटीचं वाटतंय." की फुमिएने नाक खोडलंच.

त्या हिवाळ्यात तिला तोगाशीबाईंनी बोलावलं. म्हातारी आता वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळली होती. तिचा मुलगा शुन्जी फुमिएच्याच वर्गातला. शाळा संपली आणि त्याच थंडीत गाडीसकट नदीत गेला. दोघं एकाच बसने जायची. फुमिएला आता त्याचा आवाजही आठवत नव्हता. आठवायची ती फक्त वाकडी करंगळी. तो बसची दांडी धरून उभा राहिला की ती वेगळीच दिसायची.

"स्वप्नात येतो, थंडी वाजते म्हणतो," तोगाशीबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर त्याला कोण आहे गं?"

दर रविवारी दुपारी फुमिए खाटेजवळ कागद घेऊन बसायची आणि म्हातारी खोडून घ्यायची. भुवया खाली घे. गाल भर थोडे. डाव्या कानाखाली तीळ दे.

"काकू, सून अगदी मापाची हवी वाटतं!" फुमिए हसली.

"एकच तर करायचीय," म्हातारी म्हणाली.

न्हाणीघरातल्या बायकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. कुणाचीच नाही, म्हणाल्या. बर्फ वितळल्यावर पाटी देवळात लागली.

चेरी फुलल्या तेव्हाच्या एका रविवारी दुकानात एक परदेशी मुलगी शिरली. हसत होती, पण धाप लागली होती.

"आजी, तुमच्या देवळात माझं लग्न कुणी लावलंय हो?"

फुमिएने मान वर केली आणि तिच्या हातातला कुंचला खाली पडला. त्याच भुवया, तेच गाल. मुलीने केस मागे सारले, तर डाव्या कानाखाली तीळ.

मुलीचं नाव हुओंग. व्हिएतनामहून आलेली. सुट्टीच्या दिवशी बस पकडून कुठलं ना कुठलं देऊळ बघायची आणि आईला फोटो पाठवायची. बोली मात्र अस्सल गावरान, म्हाताऱ्यांकडून उचललेली.

"काम कुठे करतेस?" फुमिएने विचारलं खरं, पण उत्तर तिला कळलंच होतं.

"वृद्धाश्रमात. रविवारी सुट्टी. पण आजी, गंमत सांगू? तो नवरा माझ्या ओळखीचा आहे. हल्ली स्वप्नात येतो. कुणीतरी मला नवरीचा पांढरा किमोनो नेसवतं, कमरेचा पट्टा रोज थोडा जास्त आवळतं. तो दारात उभा असतो. करंगळी वाकडी आहे त्याची."

चित्रात शुन्जीचे हात बाह्यांत झाकलेले होते. फुमिएनेच झाकले होते.

तिला न्हाणीघरातल्या बायकांचा असा संताप आला! त्यांतल्या निम्म्याजणींच्या सासवांना हीच पोर रोज भरवत होती. पण कामाला आलेल्या परक्या पोरीच्या तोंडाकडे नीट बघतं कोण? आणि आपण तरी कधी विचारलं, की आश्रमात कोण कोण राबतं?

ती तशीच आश्रमात गेली. "काकू, काय केलंत हे?"

तोगाशीबाईंनी नाकबूल केलं नाही. "गुणाची पोर आहे. हात किती ऊन आहेत तिचे. माझ्या शुन्जीला थंडी वाजते गं."

"तिची आई वाट बघतेय तिकडे!"

"मग? मीही बघतेच आहे." म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुजारीबुवा म्हणाले, देवाला दिलेली पाटी उतरवता येत नाही, आणि जाळली तर पोरीचाच चेहरा जळायचा. बदलायचं तर इथेच बसून बदला. फुमिएने गाभाऱ्याबाहेर बसून नवा चेहरा चढवला. लांबट, अरुंद, कुणाचाच नसलेला. सकाळी येऊन बघते, तर रंगाखालून तीळ वर आलेला. तिने पुन्हा रंगवलं. या वेळी तिळामागून भुवया आल्या. तिसऱ्यांदा तर तिच्या डोळ्यांदेखत, रंग ओला असतानाच, हुओंगचे गाल वर आले.

तिकडे हुओंगने अंथरूण धरलं. डॉक्टरांना काही सापडेना. आश्रमातली स्वयंपाकीण सांगत आली, "पोर तापात बडबडते हो. आलेच, आलेच, म्हणते. आणि कमरेशी हात नेऊन काहीतरी सोडवायला बघते."

त्या दिवशी फुमिए पुन्हा रंग कालवून पाटीसमोर बसली. मग तिच्या लक्षात आलं. चाळीस वर्षं ती पोरांच्या शेजारी कुणीच नसलेल्या बायका बसवत आली होती. या पोराला एकदा खऱ्या माणसाची ऊब लागली होती, आता पोकळ चेहऱ्यावर तो कसा भागवणार?

"बरं बाबा," ती पाटीला म्हणाली, "तुला माणूसच हवं ना?"

तिने आरसा घेतला नाही. लागलाच नाही. शाळेच्या बसमधली मुलगी तिच्या हाताला पाठ होती. आखूड केस, पुढच्या दातांत फट, हनुवटीवर पडल्याची खूण. शेवटी नवरीच्या बाजूला, जिथे कधीच नाव घालायचं नसतं, तिथे तिने लिहिलं, फुमिए. भीती वाटत होती. तरी शेवटचं अक्षर तिने ठळक केलं.

सकाळी रंग वाळून घट्ट बसला होता. दुपारपर्यंत हुओंगचा ताप उतरला, आणि ती भाताची पेज मागून मागून प्यायली म्हणे.

आठवड्याने फुमिए संत्री घेऊन आश्रमात गेली. पाटी बदलल्याचं म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं. फुमिएला ते स्वतःच सांगायचं होतं, आणि कसं सांगावं ते सुचत नव्हतं. हुओंग खाटेशी बसून म्हातारीला चमच्याने भरवत होती. गाल पुन्हा भरले होते.

तोगाशीबाईंनी चमचा बाजूला सारला आणि फुमिएचा हात धरला.

"आलीस, सूनबाई? हात किती गार पडलेत गं तुझे."

"आजी, बघा ना," हुओंग खदखदून हसली, "मी इतकं करते, मला नाही कधी सून म्हणाल्या!"

"तुला नकोच म्हणू देत," फुमिए म्हणाली. सकाळपासून तिच्या कमरेशी काहीतरी आवळल्यासारखं होत होतं. तिने स्वेटर वर करून पाहिला, सैल करण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग ती खाटेच्या कडेला टेकली आणि म्हातारीच्या हातातला हात तसाच राहू दिला.