साड्यांच्या कपाटातला बल्ब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सोमवारी ते सगळ्यांसमोर बोलायचंय, म्हणून आधी तुम्हाला सांगते — ऐन वेळी जीभ अडखळायला नको.

लोणावळ्यात आमचं एक दुकान होतं. आता कामशेत, वडगाव, तळेगाव धरून चार झाली — कापड, भांडी, चपला, खेळणी, सगळं एका छताखाली. नव्या मुली कामाला लागल्या की दुकानाचा इतिहास मीच सांगते. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सायकलवर कापड विकायला सुरुवात केली तिथपासून. त्यात पूर्वी दुकानात कामाला असलेल्या कमलताईची गोष्ट असतेच. मी ती रंगवून सांगते. मुली हसतात.

पावसाळ्यात आमच्याकडे धुकं थेट दुकानात शिरतं, रेशमाला बुरशी लागते. म्हणून भारी साड्यांच्या कपाटात तळाशी एक बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचा. त्याच्या उबेनं साड्या कोरड्या राहतात. कमलताईनं तो बंद केला, अख्खं कपाट वाया गेलं, आबांनी तिला कामावरून काढलं — अशी ती गोष्ट.

बल्ब कमलताईनं बंद केला नव्हता. मी केला होता.

नुकतंच लग्न होऊन सोलापूरहून आले होते. माहेरी रिकाम्या खोलीत दिवा चालू राहिला की आई ओरडायची. नणंदेच्या साखरपुड्यासाठी दुकान काही दिवस बंद ठेवायचं होतं. कमलताई आवरून बाहेर पडली, मी छत्री घ्यायला परत आत गेले. कपाटाच्या फटीतून उजेड दिसला. विसरली वाटतं — म्हणून बटण दाबलं. कपाटात दिवा कशाला, हे मला कुठे माहीत होतं?

पण ही झाली चूक. सांगायचंय ते वेगळंच.

दुकान उघडलं, कपाट उघडलं, आणि तो कुबट वास आला. गिऱ्हाइकं उभी असतानाच आबा कमलताईवर कडाडले. ती म्हणाली, "आबा, मी न्हाई बंद केला. माज्यामागं वहिनी आत गेल्या व्हत्या. त्यांना इचारा, दिवा चालू व्हता का न्हाई."

आबा माझ्याकडे वळले. "सूनबाई, चालू होता?"

"मी बघितलं नाही," मी म्हणाले.

एवढंच. कमलताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, डबा उचलला आणि गेली. पुढे खंडाळ्याला एका बंगल्यावर स्वयंपाकाला लागली. बाजारात भेटली की अजून विचारते, "बरं हाय का वहिनी?" तिला माहीत असेल? असणारच.

काही वर्षांनी आबा वारले. मी मात्र गोष्ट सांगतच राहिले. का? कुणी भाग पाडलं होतं का मला? गेल्या आठवड्यात गोष्ट संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "लयच येडी व्हती की वो ती बाई." सगळ्या हसल्या. कोपऱ्यातली एक हसली नाही. म्हणाली, "ती माजी आज्जी. आज्जी म्हनती, तिनं न्हाई केला."

मी बिलाच्या मशीनबद्दल बोलायला लागले. त्या दिवशीही खरं टाळलंच.

रविवारी कमलताईच्या घरी जाणार आहे. माफी मागणार नाही. मागितली तर ती "जाऊ द्या वहिनी" म्हणेल, आणि मी सुटेन. बटण मी दाबलं, आणि आबांशी खोटं बोलले — एवढं सांगून उठेन. सोमवारी तीच गोष्ट, त्याच मुलींसमोर, तिच्या नातीसमोर, पहिल्यापासून. माझ्या नावानं.