आईशी बोलायचास तसा बोल

रत्नागिरीत आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. वडील गेल्यापासून मीच चालवते. पासपोर्टचे फोटो, परीक्षेच्या अर्जांचे फोटो हे रोजचं काम. अलीकडे मोबाईलच्या अ‍ॅपवर जोडीदार शोधणारे पुरुषही येतात. बहुतेक तिशीच्या पुढचे, घरी न सांगता आलेले. कॅमेरा समोर आला की आपले हात कुठे ठेवायचे तेच त्यांना कळेनासं होतं. कुणी छातीवर घडी घालतो, कुणी मित्राच्या मोटरसायकलला टेकतो, कुणी खोलीतसुद्धा काळा चष्मा काढत नाही. मी त्यांना हसायला सांगत नाही. हातात चहाचा कप नाहीतर काहीबाही देते, एका पायावर भार टाकायला लावते, मोठा श्वास सोडायला सांगते. श्वास सुटला की खांदे आपोआप खाली येतात. तेवढ्यात फोटो काढायचा.

मला हे जमतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो माझ्याकडे आला.

तो आमच्याच आळीतला. माझ्याहून थोडा मोठा, बोटीवर इंजिनाच्या खात्यात नोकरीला. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरी आई एकटी, माझ्या काकी. तिला अर्धांगवायू झाला तेव्हापासून दिवसा एक बाई यायची आणि संध्याकाळी दुकान बंद करून मी जायची. कुणी सांगितलं नव्हतं. पेज भरवायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. त्याच्या बोटीवर नेट मिळालं की तो व्हिडिओ कॉल करायचा. मी काकींच्या उशाशी बसून फोन त्यांच्या तोंडासमोर धरायची. "जेवलीस काय गो आये?" हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. काकींना नीट बोलता येत नसे. मग तोच बोलत राही, बोटीवरच्या आचाऱ्याने मासळीची कशी वाट लावली ते सांगे, आणि त्या हसल्या की त्याचा चेहरा असा काही उजळे की मी बघतच राही. फोन काकींकडे असल्यामुळे त्याला मी दिसत नसे, फार तर माझा हात.

काकी गेल्या तेव्हा तो भर समुद्रात होता. अग्नी चुलतभावाने दिला.

पुढच्या सुट्टीत तो दुकानात आला. म्हणाला, आता माझ्यासाठी स्थळं बघणारं कुणी राहिलं नाही, म्हणून अ‍ॅपवर नाव घातलंय, फोटो मात्र सगळे ओळखपत्रासारखे येतात. मी उन्हं उतरल्यावर भाट्याला जाऊ म्हटलं. दुकानातल्या पडद्यापुढे तो कडक इस्त्री केल्यासारखा उभा राहिला असता.

भाट्याच्या किनाऱ्यावरही तसंच झालं. बाह्या दुमडायला सांगितल्या, तर त्या दोन्हीकडे अगदी सारख्या दुमडल्या. चालत ये म्हटलं, तर कवायतीला निघाल्यासारखा आला. सुरूच्या झाडाला टेकवलं, वाळूत बसवलं, किनाऱ्याला लागलेल्या पडावाचा दोर हातात दिला. दोर हातात आल्यावर बोटं जरा सैल पडली, पण चेहरा तसाच. उजेड कमी होत चालला होता. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "आईशी बोलायचास तसा बोल."

तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "जेवलीस काय गो आये?"

ओठ थरथरले, डोळे भरले, आणि त्यातूनच तो हसला. मी बटण दाबलं. त्याने तोंड फिरवलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी कॅमेरा पिशवीत भरला.

दुकानात परत आल्यावर फोटो संगणकावर उघडले. त्याने विचारलं, तू यातला कुठला घेशील? मी तोच दाखवला. आणि इतकी वर्षं जे बोलले नव्हते तेही बोलले. "मला विचारलं असतंस तर फोटो काढायची गरज नव्हती."

तो खुर्चीतून उठला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आईनेही सुचवलं होतं, बोलता येत होतं तेव्हा."

"मग?"

"तू समोर आलीस की मला ती खोली आठवते. औषधांचा वास, आईचा वाकडा झालेला ओठ. मी नव्हतो आणि तू होतीस, हे आठवतं. मला असं कुणीतरी हवंय जिने यातलं काहीच बघितलेलं नाही." मग म्हणाला, "तुझ्यात काही कमी नाही."

मला राग यायला हवा होता. पण तो खरं बोलत होता आणि ते मला कळत होतं, म्हणून रागावायलाही जागा राहिली नाही. काकींसाठी जे जे केलं, त्यामुळेच मी त्याला परकी झाले होते. मी फोटोतला उजेड थोडा वाढवला, मागून जाणारा माणूस कापला आणि फोटो त्याच्या मोबाईलवर पाठवला. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून बाकावर बसून राहिले. रडू आलं ते घरी, भात वाढून घेतल्यावर.

त्या फोटोवरूनच त्याचं जमलं. मुलगी पुण्याची, शिक्षिका, बोलायला मोकळी. लग्नाला गेले, जेवले, आहेर दिला. बायको भेटल्यावर म्हणाली, तो फोटो तुम्ही काढलात ना, मी त्याच फोटोला भुलले. मी हसले. ते हसू कसं आलेलं ते तिला त्याने सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.

पनवेलला बिऱ्हाड हलवण्याआधी तो घराची किल्ली घेऊन आला. अधूनमधून दारं-खिडक्या उघडशील का, म्हणाला. मी नको म्हटलं. त्याच्या घरच्या कुठल्याही कामाला मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. त्याने पुन्हा विचारलं नाही.

किल्ली आता चुलतभावाकडे आहे, पण तो फिरकत नाही. काकींच्या अंगणात फणसाच्या वाळक्या पानांचा पातेरा साचलाय, पायरीसुद्धा दिसत नाही. दुकानात जाताना रोज नजर जाते. झाडू घेऊन आत जावंसं वाटतं. मी पुढे जाते.