रोकड्यांचं तीन पानी पत्र

हे मी आजवर कुणाकडेच बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही. ज्यांच्या घरी हे सगळं घडलं त्या नाईककाकांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — अनोळखी माणसाला सांगणं हाही भित्रेपणाच का? असेल. तरी सांगतो.

नव्वदीची पहिली काही वर्षं. मी डोंबिवलीत एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण नाईककाकांकडे जमायचो. काका रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले केमिस्ट. त्यांचा जावई युरोपात, एका मोठ्या प्रयोगशाळेच्या गावात राहायचा. त्या प्रयोगशाळेत जमिनीखाली एक प्रचंड गोल बोगदा होता. बोगद्यात धातूची नळी, नळीभोवती लोहचुंबक, आणि नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत राहायचा. झोत किती वेळ टिकला, कधी ढळला, का ढळला, हे त्यांच्या पत्रिकेत छापून यायचं. जावई झेरॉक्स काढून पाठवायचा. आमच्या हातात पडेपर्यंत दीड-दोन महिने शिळं झालेलं असायचं. पण लोक स्कोअर वाचतात तसं आम्ही ते वाचायचो. हसा खुशाल — आमच्यातल्या एकानेही ती जागा बघितली नव्हती, बघण्याची शक्यताही नव्हती. तरी तिकडे झोत पडला की इकडे आमचा शनिवार वाया जायचा.

आणि एका वर्षी तर सगळेच शनिवार वाया गेले. लोहचुंबकांचं बळ कमीजास्त होत होतं. अगदी थोडंसं, पण त्यामुळे झोताची ऊर्जा नेमकी मोजता येत नव्हती. दिवसभर आलेखाची रेघ थरथरायची. का? दर अंकात तेच वाक्य — कारण अद्याप समजलेलं नाही. दोन महिने वाट बघायची, पाकीट फोडायचं आणि तेच वाक्य वाचायचं. मी चिडायचो. कॉलेजात पोरांवर राग काढायचो. त्यात माझा स्वतःचा एक सिद्धांत होता: जमिनीतलं पाणी वरखाली होतं, त्याने बोगदा दबतो, चुंबक हलतात. बारा पानं टाइप करून मी प्रयोगशाळेला पाठवली होती. त्यांचं छापील आभाराचं कार्ड आलं. खाली कुणाची तरी शाईतली सही. ते कार्ड मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. एकदा नाही, खूपदा.

आता रोकडे. वामन रोकडे. आंबिवलीला राहायचे, ठाकुर्लीला रेल्वेच्या सबस्टेशनात टेक्निशियन. आयटीआय झालेले. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, तरी मला ‘सर’ म्हणायचे. डिक्शनरी घेऊन पत्रिका वाचायचे, अडलेले शब्द वहीत उतरवून आणायचे आणि सगळे गेल्यावर मला हळूच विचारायचे. मला ते आवडायचं. विचारणारे रोकडे मला आवडायचे — हे आधीच सांगून टाकतो.

एका शनिवारी ते आले ते हातात ट्रेसिंग पेपर घेऊन. पत्रिकेतला आलेख त्यांनी त्यावर उतरवला होता. खिशातून दुसरा कागद काढला — त्यांच्या सबस्टेशनातला लोडचा तक्ता, म्हणजे गाड्या कधी किती वीज खेचतात त्याचा, हातानं नक्कल केलेला. ट्रेसिंग पेपर त्यावर ठेवला.

‘‘सर, ह्या वेळा बघा. त्यांच्याकडच्या वेळा, आणि आपल्याकडच्या. मध्यरात्रीनंतर रेघ सपाट. पहाटे पहिली गाडी सुटली की थरथर चालू. आमचं पण सेम असतं.’’

मग त्यांनी समजावलं. तुम्हालाही कळेल इतकं सोपं. गाडी वरच्या तारेतून करंट घेते, तो परत जायला हवा, म्हणून रुळांतून परत जातो. पण सगळा रुळांत राहत नाही. थोडा जमिनीत उतरतो. जमिनीत पाण्याचा पाइप भेटला की त्यातून पळतो. लाइनीजवळचे पाइप त्यामुळेच लवकर सडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं.

‘‘त्याला लोखंड काय, तांबं काय, वाट मिळाली की झालं. आणि ह्यांनी तर एवढी मोठी नळी पुरून ठेवलीये, सर. तिच्यातून करंट गेला की भोवतीच्या चुंबकाचं बळ बदलणारच.’’

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘‘अहो रोकडे, तिकडे काय कल्याण-कसारा लाइन आहे?’’

सगळे हसले. रोकडेही हसले. पण निघताना त्यांनी वहीतून फाडलेली तीन रेघी पानं माझ्या हातात दिली, मराठीत लिहिलेली. ‘‘सर, इंग्लिश करून पाठवाल? चुकलं तर चुकलं. विचारायला काय जातंय?’’

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती पानं वाचायला बसलो — खरं सांगू? चूक शोधायला बसलो. ॲटलास काढला. प्रयोगशाळेच्या गावाजवळून रेल्वेची लाइन जात होती. मागचे सगळे अंक काढले, प्रत्येक आलेखात ती सपाट वेळ होती. प्रत्येक. वर्षभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती. माझं जमिनीतलं पाणी काही रोज मध्यरात्री थांबून पहाटे सुरू होणार नव्हतं. चार वाजेपर्यंत मला कळून चुकलं होतं की रोकडे बरोबर आहेत. ‘असू शकेल’ नाही. बरोबर आहेत.

मी भाषांतर केलं. चांगलं केलं. टाइप केलं. शेवटी सहीच्या जागेशी येऊन थांबलो. तिथे माझं नाव घालावं, असं मनात आलं. आलंच. पण ते धाडस झालं नाही — हो, धाडसच म्हणतोय, प्रामाणिकपणा म्हणून थांबलो असं म्हणायची सोय नाही. त्यांचं नाव घालवेना, माझं घालता येईना. मी कागद मशीनमधून ओढून काढला आणि फायलीत ठेवला.

शनिवारी रोकड्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘‘टाकलं.’’

त्यात त्यांच्या आडनावाचा भाग होता का? हे मी स्वतःला फार उशिरा विचारलं. तोवर मी स्वतःला फार पुढारलेला समजायचो. रोकडे माझ्या घरी दोनदा जेवलेत, हे माझ्या पक्कं लक्षात होतं. नाईककाका किती वेळा जेवले ते मी कधी मोजलं नव्हतं. यातच काय ते आलं.

त्यानंतर दर शनिवारी, ‘‘सर, काही आलं?’’ नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा. नाही. माझी चिडचिड व्हायची — त्यांच्यावरच, बघा! काय हा माणूस, एकसारखा विचारतो. चार-पाच महिने हे चाललं. मग एके दिवशी नाईककाकांच्या जिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आलं उत्तर. म्हणतात, हे शक्य नाही. मूलभूत चूक आहे म्हणतात.’’

असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी तिथे, जिन्यात, उभ्या उभ्या तयार केलं.

रोकडे एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, ‘‘सॉरी सर. तुमच्या ओळखीवर पाठवलेलं ना. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं.’’

मी काय केलं? त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘चालायचंच,’’ म्हणालो.

रोकडे महिन्याभरात यायचे बंद झाले. ड्युटी बदलली, असं काकांना सांगून गेले. आणि वर्ष-दीड वर्षाने ते पाकीट आलं. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांनी न फोडताच माझ्याकडे दिलं. कोड्याचं उत्तर मिळालं होतं. विजेवर चालणाऱ्या गाड्या. रुळांतून जमिनीत उतरणारा करंट. बोगद्यातल्या नळीतून वाहणारा. शेजारी आलेख — वर गाड्यांचा, खाली चुंबकाचा, एकावर एक. रोकड्यांनी ट्रेसिंग पेपरवर केलं होतं तसंच. ते तिथल्या लोकांनी आपलं आपण शोधलं होतं, त्यांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं. मधल्या काळात ती माणसंही तशीच हैराण झाली असणार. आणि उत्तर डोंबिवलीत, माझ्या फायलीत पडून होतं.

मी ते पान काढून घेतलं. उरलेला अंक शनिवारी सगळ्यांना वाचून दाखवला. एक पान कमी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर मंडळही फार दिवस टिकलं नाही. मीच कंटाळा करायला लागलो होतो.

रोकडे पुन्हा भेटले ते नव्याण्णवच्या आसपास, कल्याणला, पुस्तकांच्या एका दुकानात. केस पांढरे झालेले. शाळेच्या गणिताची पुस्तकं घेत होते. मला बघून मनापासून आनंद झाला त्यांना. विहारात दर रविवारी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो म्हणाले, पंचवीस-तीस पोरं येतात.

मी विचारलं, ‘‘विज्ञान पण घेत असाल?’’

‘‘नाही सर. गणितच घेतो. गणितात उत्तर मागच्या पानावर बघता येतं. विज्ञानात मला कळल्यासारखं वाटतं आणि ते कळलेलं नसतं. पोरांना कशाला चुकीचं शिकवा?’’

दुकानात गर्दी नव्हती. घाई मलाही नव्हती, त्यांनाही नव्हती. ते समोर उभे होते, माझ्याकडे बघत, मी काहीतरी बोलेन म्हणून थांबलेले. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘‘चांगलं करता रोकडे.’’

त्यांनी मान डोलावली, पुस्तकांची पिशवी उचलली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो.