नणंदेनं बसवलेली वेळ

बँकेच्या तिजोरीला वेळेचं कुलूप असतं. ठरवलेली वेळ होईपर्यंत ते खुद्द मॅनेजरलाही दाद देत नाही. किल्ली, विनवणी, ओळखपाळख, काही चालत नाही. ही वेळ बसवण्याच्या कामात वहिनींचा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान त्यांच्या नणंदेनं त्यांच्याकडूनच काम शिकून घेईपर्यंत तरी नव्हतं.

शिकवताना वाटलं होतं, पोरगी घरात बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, त्यापेक्षा कामाला लागलेली बरी. आता गिऱ्हाइकंच फोनवर विचारायची, "ताई येणार ना? त्या पटकन करतात." पटकन! वहिनी हल्ली पित्ताची गोळी पर्समध्येच ठेवत. नवरा म्हणे, "अगं, नाव आपल्याच घराचं होतंय." भावाला बहिणीचं कौतुक असायचंच.

त्या दिवशी एका बँकेनं दोघींना एकत्र बोलावलं. सगळ्या शाखांचं वर्षभराचं काम दोघींपैकी एकीला मिळायचं होतं. नणंदेनं आठवड्याच्या वेळा भरल्या. वहिनी चष्मा पुसून तपासायला बसल्या. तांदळातला खडाही त्यांनी कधी इतक्या आशेनं शोधला नव्हता. आणि सापडला!

"वन्सं," मॅनेजरना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या. एरवी नणंदेशी अगंतुगं. वन्सं म्हटलं की आता सोलणार. "शनिवार बंद ठेवलात? बँक उघडी असते हो शनिवारी!"

"मीच सांगितलं तसं," मॅनेजर म्हणाले. "आता शनिवारी तिजोरी उघडायची नाही. ताईंना बोललो होतो."

ताईंना. वहिनींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग झालं तर! सगळं ठीक आहे," असं म्हणून त्यांनी फणकाऱ्यातच तिजोरीचं दार ढकललं आणि चाक फिरवलं.

खट् झालं. वहिनींनी चाक उलटं फिरवून पाहिलं, ते जागचं हललं नाही.

नवी वेळ बसवली की पहिली चाचणी दार उघडं ठेवूनच घ्यायची. कुलपाचे दांडे बाहेर काढायचे आणि वेळेवर सुटतात का ते पाहायचं. चुकलं तरी दार उघडंच असतं. बंद दाराआड चूक निघाली, तर ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर नाही. हे वहिनींनीच नणंदेला पहिल्या दिवशी दरडावून शिकवलं होतं. नणंद आता त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

तेव्हापासून सकाळपर्यंत वहिनींनी जो धावा केला, तो ऐकून देवही चक्रावला असेल: या कार्टीचं काही म्हणजे काही चुकलेलं नसू दे. आजवरचा अर्ज नेमका उलटा होता.

सकाळी ठरल्या वेळी कुलूप सुटलं. वहिनींना सुटकेचा श्वास जेमतेम घेता आला, कारण मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "आमचा जुना शिपाई सांगत होता, चाचणी न घेता दार लावायला छाती लागते म्हणे. तुमचाच नणंदेवर एवढा विश्वास, तर आम्ही कशाला शंका घ्यावी? काम ताईंनाच देतो."

वहिनींनी तोंड उघडलं. मी विसरले, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटल्यावर वहिनी म्हणून उरलं काय असतं? त्या हसल्या. "घरचीच आहे. मीच तयार केलीय."

जिन्यात नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, विसरलात ना काल?"

"विसरेन कशी? भरवसा होता म्हणून लावलं."

नणंद थबकली. "खरंच?" तिचे डोळे भरून आले.

थट्टा असती तर वहिनींनी तिथल्या तिथे परतवली असती. पण बया खरोखरच गहिवरली होती. काम गेलं ते गेलं. वर हिला मनही इतकं सरळ मिळावं!

"रडतेस काय? चल," वहिनी म्हणाल्या. "आणि आधीच सांगून ठेवते, एकूणएक शाखेत तपासायला मीच येणार."