वहिनीने रोवून घेतलेला कोपरा

वहिनी गेल्याचा निरोप घेऊन गावाकडचा माणूस आला, तेव्हा मी शाळेत शिकवायला निघण्याच्या घाईत होते. गोंदियात आम्ही राहतो तिथे शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा. त्यामुळे दारातून "शांताबाई, घरून आलो जी" अशी आपली बोली कानावर पडताच मला आनंदच झाला. त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि विचारलं, की यंदा धान कसं आहे. तो म्हणाला, "धान बेस आहे. पन गिरजावयनी गेली. चार दिस ताप होता." धानाची चौकशी आपण आधी केली, याची मला अजून लाज वाटते. वहिनीला कळलं असतं तर ती मात्र हसली असती, एवढं मला ठाऊक आहे.

अर्जुनीकडे जाणारी छोटी गाडी मुळातच रमतगमत जाते. त्या दिवशी तर ती जात होती की उभी होती, तेच मला कळत नव्हतं. खिडकीबाहेर जंगल यायचं, मधेच एखादं तळं यायचं, पाण्यावर ऊन पसरलेलं दिसायचं आणि पुन्हा जंगल. मी जागी होते की डोळा लागला होता ते सांगता येणार नाही, पण त्या प्रत्येक पाण्यापाशी मला वहिनी दिसत होती. कधी डोक्यावर पदर घेतलेली नवी नवरी, कधी चिखलात बसलेली, कधी बैलबंडीत मागे पाय सोडून गुणगुणणारी... केशोरीच्या अलीकडच्या आमच्या गावी पोहोचले तोवर तिला माती देऊन झाली होती.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्या घरी आली. मी अकरा वर्षांची होते आणि ती सतरा-अठराची. तिचं माहेर तिरोड्याकडचं, बोदलकशाच्या तलावाकाठचं. तिच्या प्रत्येक गोष्टीत तो तलाव यायचाच. आमच्या तलावावर असं, आमच्या तलावावर तसं. माझी माय एकदा वैतागून म्हणाली, "तलाव का आंदन आनलीस सोबत?" यावर वहिनी शांतपणे म्हणाली, "आनला असता जी, बंडीत मावला नाई." माय तोंड फिरवून हसली. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, अबोल माणूस. दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. वहिनी आल्यावर ते दहाचे वीस झाले असं माय म्हणायची, आणि त्यातले निम्मे बैलांशी असतात असं मी म्हणायची.

दुसऱ्या वर्षी वहिनीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात, भर वैशाखात, ते गेलं. मला शेजारच्या घरी धाडून दिलं होतं. परत आले तेव्हा अंगण सारवून झालेलं होतं आणि दादा हात धूत होता. पाच महिन्यांच्या गर्भाला ना नाव, ना सुतक. नाव घ्यायचं नाही, रडायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. "रडली का पुढचं लेकरू अर्ध्या वाटेतून परतते," माय तिला बजावून सांगत होती. माझी माय दुष्ट नव्हती. तिचे स्वतःचे दोन असेच गेले होते आणि तिनेही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं. वहिनीने सुईणीला एवढंच विचारलं, "पोरगा होता का पोरगी?" सुईणीने मायकडे पाहिलं आणि म्हणाली, "काई नोहोतं, बाई." तोच प्रश्न तिने दादाला विचारला. ज्याने ते कापडात गुंडाळून नेलं होतं, त्याला तरी माहीत असणार ना? दादा "कायले विचारतं आता" म्हणून बाहेर निघून गेला. त्यानंतर वहिनीचा तलाव बंद झाला. कामं सगळी करायची, पण हाक मारली तर दोनदा मारावी लागायची.

त्याच साली रोवण्याच्या दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट घडली. धानाची रोपं बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, लावायची म्हणजे रोवणा. बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत रोवत होत्या, आणि माय धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून जागा सोडू नका म्हणून ओरडत होती. घराजवळच्या बांधीच्या एका कोपऱ्यात दोन हात जागा तशीच राहिलेली मी पाहिली. तिथे नांगरच फिरला नव्हता, गवत उभं होतं. मला वाटलं, दादाने आळस केला. मायची शाबासकी मिळवावी म्हणून मी ते गवत पायांनी तुडवलं, चिखल केला, त्यावर नाचलेसुद्धा, आणि रोपांची एक अख्खी पेंढी तिथे रोवून टाकली. वहिनीने ते दुरून पाहिलं. ती धावत आली, काही न बोलता गुडघ्यांवर बसली आणि एकेक रोप उपटू लागली. लावलेलं रोप उपटणं म्हणजे आमच्यात केवढा अपशकुन! माय किंचाळली, बायका थबकल्या. दादा पलीकडच्या बांधीतून आला. तो वहिनीकडे पाहत राहिला आणि मग मायला म्हणाला, "उपटू दे तिले."

तेव्हा मला कळलं. त्याने तिला पुरल्याची जागा सांगितली नव्हती, पण चिखलणीच्या वेळी त्या कोपऱ्याशी आला की तो नांगर उचलायचा, हे वहिनीने पाहून ठेवलं होतं. आणि मी तिथे पाय आपटले होते... त्या रात्री मी जेवले नाही. वहिनीची माफी मागायचंही धाडस झालं नाही, कारण ज्याबद्दल बोलायचंच नाही त्याची माफी तरी कशी मागणार?

त्या दिवसापासून तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. दादाने बंडी जुंपली आणि तीन कोसांवरच्या मिशनच्या दवाखान्यात तिला नेलं. सोबतीला मी. तिथली नर्स करुणाबाई नगरकडची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. तिने तपासलं, दुखणं काही सापडलं नाही. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मूल किती?" वहिनी म्हणाली, "नाई जी." करुणाबाई म्हणाली, "गेलं का एखादं? मुलगा होता की मुलगी?" घरात तीन महिने जो प्रश्न कोणी तोंडातून काढू दिला नव्हता, तो या परक्या बाईने सरळ समोर ठेवला. वहिनी म्हणाली, "मले सांगतलंच नाई कोनं," आणि ती रडायला लागली. असं रडणं मी आधी ऐकलं नव्हतं. बाहेर दादा बैलांचा कासरा हातात धरून पायरीपर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला.

करुणाबाईने दार लोटलं आणि फरशीवर वहिनीशेजारी बसली. "रड," म्हणाली, "मी गप्प हो म्हणणार नाही." किती वेळ गेला कुणास ठाऊक. खिडकीतून येणारं ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं. मग ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नाही. पण ज्या देवाने तुझ्या पोटात ते घडवलं त्याला तर माहीत आहे ना? त्याच्यापासून कोण काय लपवणार? काही नव्हतं म्हणतात ते खोटं, गिरजा. तुझं बाळ होतं. येशूपाशी आहे." परतताना बंडीत वहिनीने माझा हात धरला होता. बैलांच्या घुंगरांत अर्धा कोस गेला की ती विचारायची, "शांताबाई, होतं म्हणाली ना ती?" मी म्हणायची, "हो वयनी, होतं म्हणाली." पुन्हा अर्ध्या कोसाने तेच.

आधी औषधाच्या निमित्ताने, मग निमित्ताशिवाय ती दर रविवारी जाऊ लागली. दवाखान्यामागच्या खोलीत सतरंज्या टाकून उपासना चालायची. ढोलक, झांजा, गाणी. ती गाणी वहिनी घरी आणायची आणि धान कांडताना गुणगुणायची. मिटलेले डोळे, सैल पडलेला चेहरा... मला वाटे, ही इथे नाहीच, कुठल्या तरी पाण्यावर तरंगते आहे. दादा तिला बंडीतून न्यायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून राहायचा. करुणाबाई आत बोलवायची तर म्हणायचा, "बैल एकटे रायत नाई जी." आमचे बैल दिवसभर एकटे राहात, साऱ्या गावाला माहीत होतं.

तीन वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. मायने तिचा माठ वेगळा केला. जातीतली चार माणसं दादाला जाब विचारायला आली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तिले आता झोप लागते. मले इतलं पुरे." मीही भांडले होते तिच्याशी. शाळा शिकत होते, स्वतःला शहाणी समजत होते. म्हटलं, "आपला देव काय कमी पडला, वयनी?" ती जराही चिडली नाही. म्हणाली, "देव नाई जी कमी पडला. मीच त्याच्यापुढं मुकी होती. येशूपाशी लेकराचं बोलता येते. तो आयकते." आजही मी तिच्या धर्माची नाही, पण ते खरं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरं मूल तिला झालं नाही. तिला जी शांती मिळाली ती कुठलंही नवं लेकरू मांडीवर न येता मिळाली होती.

त्याच्या पुढच्या रोवण्याला मी सुट्टीवर घरी होते. सकाळी बांधीवर गेले तर वहिनी फावडं घेऊन त्या कोपऱ्यातलं गवत काढत होती. दादा धुऱ्यावर उभा. "काऊन?" एवढंच तो म्हणाला. ती वाकलेलीच होती. "लेकरू इथं नाई जी. ते येशूपाशी आहे. मंग बांधी कायले अडवून ठेवाची?" तिने हातांनी चिखल सारखा केला, माती हलक्या हाताने दाबली, आणि मग माझ्याकडे पाहून पेंढी पुढे धरली. "या शांताबाई. तुमीच रोवा." एकेक रोप ती मला देत होती आणि मी लावत होते. शेवटचं रोप लावून झाल्यावर तिने माझ्या गालावरचा चिखल आपल्या पदराने पुसला. किती वर्षं मनात सलत होतं ते त्या क्षणी निघून गेलं. मी मोठ्याने रडले, आणि तीही रडली, पण ते रडणं निराळं होतं. दादा दुपट्ट्यात तोंड घालून बराच वेळ धुऱ्यावर बसून होता. मायने दुरून पाहिलं. अपशकुनाचा शब्द तिने काढला नाही. दोन वर्षांपूर्वी माय गेली, तेव्हा शेवटचे आठ दिवस ती वहिनीच्याच हातचं पाणी पीत होती.

आता वहिनीही नाही. मी गावी आठ दिवस राहिले. रविवार आला. बंडी जुंपली गेली नाही. दुपारी मी भात केला, दादाला ताट वाढलं, स्वतःचं घेतलं. जेवणाआधी वहिनी डोळे मिटून बसायची, आणि इतका वेळ बसायची की भात निवायचा. मी चिडवायची, "वयनी, येशूले म्हना, बाकीचं संध्याकाळी आयकजो." ती डोळे न उघडता हसायची. त्या दिवशी दादाने भात कालवला आणि त्याचा हात तसाच थांबला. मला वाटलं रडतो आहे. मी उठणार इतक्यात तो बोलला.

"पोरगी होती."

मला आधी कळलंच नाही. "मीच नेलो ना गुंडाळून," तो ताटाकडे पाहत म्हणाला. "हाताले बोटं होते. सारे."

"तिले काऊन नाई सांगतलं, दादा?"

"तिनं विचारलं तवा भेव वाटला. सांगतलं तं मरन ही, वाटलं. मंग दर आयतवारी बंडीत बसली का वाटे, आज विचारन, आज सांगून देतो." त्याने ताटातली शितं बोटाने एका बाजूला केली. "विचारलंच नाई पुना. तिले गरजच नोहोती. मीच घेऊन बसलो."

अकरा वर्षं हा माणूस मोहाच्या झाडाखाली ते एक वाक्य घेऊन बसला होता. चूल विझत आली होती, भात निवला होता. दादाने वहिनीच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

"आता पोरगी पायली असन तिनं," तो म्हणाला, आणि जेवू लागला.